मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या वर्गात बसण्याचं भाग्य मला लाभलं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मात्र एक गोष्ट ऐकली आहे. भूगोलाच्या तासाला ते नकाशा टांगायचे, छडी एखाद्या गावावर ठेवायचे आणि विचारायचे, ‘इथून बाहेर कसा पडशील?’ गावात काय पिकतं, लोकसंख्या किती, हे प्रश्न नंतर. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाच्या आधाराने आहे.

संयोजकांनी विषय दिला ‘रेल्वेचं वेड’. मी रेल्वेत नोकरी केलेली नाही. मी शाळामास्तर, आणि मूळचा दारव्ह्याचा. आमच्या दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग. नाव ऐकून बागबगिचा डोळ्यांपुढे येईल, पण तिथे होता एक बुटका फलाट, कडुलिंबाची सावली आणि दिवसातून मोजक्या वेळा येणारी आमची अरुंद रुळांची गाडी, शकुंतला. तिचं कागदोपत्री नाव कधी कुणी घेतलं नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत आणखी पाऊणशे. सगळी मिळून जवळपास १९० किलोमीटरची लाइन.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कल्याणला मामाकडे जायचो. त्या प्रवासातलं कल्याण मला आठवत नाही, मूर्तिजापूर आठवतं. आमची लहान गाडी पोचायची आणि मुंबईकडे जाणारी मोठी गाडी यायला अजून बराच अवकाश असायचा. वडील ट्रंकेवर बसून राहायचे, आई पितळी डब्यातली भाकर आणि तेलात परतलेली मिरची काढायची. मी दोन्ही रुळांकडे आळीपाळीने बघायचो. आमचे रूळ इतके जवळजवळ की दोन पाय दोन रुळांवर ठेवून उभं राहावं, आणि पलीकडे मेन लाइनचे रूळ हे एवढे रुंद. पलीकडच्या बाजूला हमाल मालडब्यातून पोती उतरवत असायचे. मी एकाला विचारलं, ‘काका, आपली गाडी त्या रुळावर काहून जात नाही?’ तो घाम पुसत म्हणाला, ‘बाप्पा, ते गेली असती तं माह्या पोटाचं काय झालं असतं?’

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला तीस वर्षं लागली. तोच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

भारतातली मोठी लाइन म्हणजे ब्रॉडगेज. दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. शकुंतलेचं ७६२, म्हणजे अडीच फूट, निम्म्याहूनही कमी. या अडीच फुटी रुळाचा महाराष्ट्रातला मोठा पुरस्कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनीअर. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. त्याचं गणित सरळ होतं. अरुंद रूळ, हलकी गाडी, लहान वळणं, कमी भराव, कमी मोठे पूल. जिथे मोठ्या लाइनचा खर्च निघणार नाही तिथे निदान काहीतरी पोचेल. गणितात चूक नव्हती. पण त्यात एक खर्च धरलेला नव्हता. जिथे लहान रूळ संपतो आणि मोठा सुरू होतो, तिथे प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ आणि प्रत्येक माणूस उतरतो आणि पुन्हा चढतो. तो खर्च कंपनीच्या वहीत दिसत नाही. तो हमालाच्या पाठीवर आणि प्रवाशाच्या कपाळावर लिहिला जातो.

शकुंतला इथे का आली, हे सांगायला १८५३ सालात जावं लागतं. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. त्यानंतर बरोबर पस्तीस दिवसांनी, २१ मेला, निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. एकीकडे आगगाडी, दुसरीकडे कापसाची काळी जमीन. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे नजर वळवली. १८६७ मध्ये मुंबईची लाइन भुसावळ, बडनेऱ्यावरून नागपूरला भिडली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, इतकी त्या बाजारपेठेची मातब्बरी. यवतमाळ मात्र मेन लाइनच्या दक्षिणेला, डोंगरवळणात राहिलं. जिल्ह्याचं मुख्यालय इथे असूनही जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत ‘वणी’ होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीच्या पुढाकाराने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाइन टाकली. गाडी चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, मालकी कंपनीची. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे एका छत्राखाली आल्या, ही मात्र करारात अडकून तशीच राहिली. त्यावरून ‘इंग्रज अजून आपल्याकडून भाडं घेतात’ ही कथा गावोगाव रंगली. दारव्ह्याच्या पानठेल्यावर मीही ती तावातावाने सांगितलेली आहे. खरी गोष्ट तेवढी चटकदार नाही. किलिक निक्सन पुढे भारतीय मालकांकडे गेली. भाडं लंडनला जात होतं की मुंबईला, यापेक्षा मला दुसरी गोष्ट डाचते. चालवणारा एक आणि मालक दुसरा असला की रुळावर पैसा घालायला कुणाचा हात पुढे येत नाही. मालक म्हणतो, चालवणाऱ्याने दुरुस्ती करावी. चालवणारा म्हणतो, माझी मालमत्ता नाही. मध्ये स्लीपर कुजत राहतात आणि गाडीचा वेग कमी कमी होत जातो.

मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन इथे १९२३ पासून धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं. इंजिन इतकं टिकलं याचं कौतुक आपण करतो, पण सत्तर वर्षं दुसरं इंजिन आणावंसं कुणाला वाटलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे. डिझेल आलं, तरी गाडी सायकलीच्याच चालीने जायची. शेवटी गेल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने थांबली. ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, आकडे जाहीर झाले, आणि आपण वाट बघतो आहोत.

आता नव्या काळाकडे येतो. रेल्वेचं वेड असलेली आजची पोरं माझ्यापेक्षा फार पुढे आहेत. इंजिनाचा नुसता भोंगा ऐकून त्यांना त्याचा वर्ग सांगता येतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा प्रत्येक खांब त्यांनी पाहिलेला असतो. ५०८ किलोमीटर, १२ स्थानकं, ताशी ३२० किलोमीटरचा वेग, ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा, सगळं तोंडपाठ. मुंबई–नागपूर बुलेट ट्रेन समृद्धी महामार्गाच्या कडेने यावी की नाही, यावर त्यांचे वाद रात्ररात्र चालतात. मला ते ऐकायला आवडतं. फक्त या वादांत वेगाचा आकडा पहिल्या वाक्यात येतो आणि गाडी बदलण्याचा मुद्दा शेवटपर्यंत येतच नाही.

बुलेट ट्रेनचा रूळ १,४३५ मिलिमीटरचा, म्हणजे स्टँडर्ड गेज. आपली मोठी लाइन १,६७६ ची. ही गाडी आपल्या नेहमीच्या रुळावर उतरूच शकत नाही. म्हणजे जिथे जिथे ती थांबेल तिथे एकेक नवं मूर्तिजापूर तयार होणार आहे. जपानने १९६४ मध्ये टोकियो–ओसाका शिंकान्सेन काढली, तेव्हाही हाच पेच होता. त्यांचे जुने रूळ १,०६७ चे, नवे १,४३५ चे. त्यांनी नवी लाइन वेगळी ठेवली, पण टोकियो, नागोया, क्योतो अशा स्थानकांत ती जुन्या गाड्यांच्या शेजारी आणून उभी केली. उतरायचं, जिना ओलांडायचा, पुढची गाडी धरायची. आपल्याकडे बुलेटचं ‘ठाणे’ स्थानक ठाण्याच्या जुन्या स्टेशनात येणार नाही. ते दिव्याजवळच्या म्हातार्डीत होतं आहे. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने तिथपर्यंत कसं जायचं, हा प्रश्न ३२० च्या आकड्याइतकाच मोठा आहे. तिथवर जाण्यायेण्यात पाऊण तास गेला तर बोगद्यात वाचवलेली मिनिटं रिक्षात खर्ची पडली.

मुंबई–नागपूरच्या प्रस्तावित स्थानकांच्या यादीत कारंजा लाड आहे. समृद्धी महामार्ग यवतमाळ जिल्ह्याला शिवत नाही, पण कारंजावरून जातो. आता दारव्ह्याच्या माणसाचा विचार करा. कारंजा त्याला चाळीसेक किलोमीटर. उद्या तिथे बुलेट थांबली, तर दारव्ह्याहून तिथवर तो कशाने जाणार? एक रूळ तर आधीच पडलेला आहे. शकुंतला दारव्ह्याहून कारंजालाच जायची. रुळांत गवत वाढलंय, बाभळी आल्यात, काही ठिकाणी रूळच शिल्लक नसेल. पण मार्गाची जमीन तिथे आहे. विदर्भात बुलेट ट्रेन हवी की नको, याचं उत्तर मी देणार नाही. मी फक्त विचारतो, कारंजाचं जुनं स्टेशन आणि नवं स्थानक यांच्यात किती किलोमीटर अंतर असेल? हा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून एकाही वादात भेटलेला नाही.

मग वेग निरुपयोगी का? तसं नाही. स्वित्झर्लंडची गोष्ट सांगतो. तिथे १९८२ पासून गाड्या दर तासाला ठरावीक मिनिटाला सुटतात. पुढे त्यांनी ‘रेल्वे २०००’ नावाची योजना आखली आणि १९८७ मध्ये लोकांनी तिला मतदानाने मंजुरी दिली. तिचं सूत्र असं. मोठ्या जंक्शनवर सगळीकडच्या गाड्या तासाच्या आसपास एकत्र याव्यात, पाचसात मिनिटांत माणसांनी गाड्या बदलाव्यात, आणि सगळ्या गाड्या पुन्हा निघाव्यात. त्यासाठी दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या आत बसायला हवा. झुरिच ते बर्नला तासाहून जास्त वेळ लागायचा. म्हणून त्यांनी मातश्टेटेन–रोट्रिस्ट ही ४५ किलोमीटरची वेगवान लाइन बांधली, गाड्यांचा वेग २०० पर्यंत नेला आणि डिसेंबर २००४ पासून तो प्रवास तासाच्या आत बसवला. ३०० ची हौस त्यांना परवडली असती. पण बर्नला पुढची गाडी मिळण्यापुरता वेग पुरेसा होता, म्हणून ते तिथेच थांबले. त्यांनी आधी वेळापत्रक लिहिलं आणि मग रूळ टाकला. आपण उलटं करतो. आधी रूळ, मग उद्घाटन, आणि वेळापत्रक ज्याचं त्याने बघावं.

हे वर्गात शिकवायला मी एक खेळ करायचो. नववीच्या मुलांना आलेखकागद द्यायचो. आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्या अक्षावर स्टेशनं. खाली यवतमाळ, मग लाडखेड, दारव्हा, कारंजा, वर मूर्तिजापूर. गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, गाडी तितकी वेगवान. गाडी थांबली की रेघ आडवी. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसमध्ये याच रेघा आखून गाड्या चालवतात. एकेरी मार्गावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जर स्टेशन नसेल तर अपघात, हे मुलांना न सांगता कळायचं. मग मी मूर्तिजापूरच्या पुढे मुंबईच्या गाड्यांच्या रेघा काढायला लावायचो. आमची रेघ एका ठिकाणी येऊन टेकायची आणि मग आडवी, लांबलचक, कागदाच्या मध्यापर्यंत. एक पोरगी एकदा म्हणाली, ‘सर, गाडी हळू आहे ती रेघ एवढीशी, आणि थांबायची रेघ केवढी मोठी!’ तीस वर्षांपूर्वीच्या हमालाच्या उत्तराचा अर्थ त्या पोरीने मला सांगितला.

तिच्या वाक्याचा हिशेब मांडू. समजा एक टप्पा ऐंशी किलोमीटरचा आहे आणि गाडी ताशी ४० ने चालते, म्हणजे दोन तास. मोठा खर्च करून ती ८० ने पळवली, तर एक तास वाचला. आता जंक्शनवर पुढची गाडी चार तासांनी असेल आणि वेळापत्रक सरकवून ती अर्ध्या तासावर आणली, तर साडेतीन तास वाचले. पहिल्यासाठी पूल, रूळ, सिग्नल, जमीन लागते. दुसऱ्यासाठी लागते एक पेन्सिल आणि दोन विभागांची एक बैठक. बैठक बहुधा पुलापेक्षा अवघड असते, हे मला मान्य आहे.

आलेखाच्या पुढची पायरी म्हणजे लघुरेल्वे. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे लहान मुलांपेक्षा त्यांचे आजोबा जास्त रमतात, हे मी स्वतः पाहिलंय. जगभर सगळ्यांत रूढ प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्यात परदेशी स्टँडर्ड गेजचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा होतो. आपलं ब्रॉडगेज त्याच प्रमाणात काढलं तर एकोणीस मिलिमीटरच्या वर जातं आणि तो रूळ दुकानात मिळत नाही. बरेच हौशी साडेसोळावरच आपले डबे चालवतात आणि गाडी रुळापेक्षा जरा जाड दिसते. शकुंतलेचं मात्र जमतं. ७६२ ला सत्त्याऐंशीने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात सहज मिळतो. बाहेरच्या कारखान्याने नकळत आपल्या शकुंतलेसाठी रूळ करून ठेवला आहे. त्या प्रमाणात यवतमाळ ते मूर्तिजापूर लाइन सुमारे तेराशे मीटर होईल, एवढा हॉल कुणाकडे असेल तर सांगा.

गंमत बाजूला. लघुरेल्वे करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात एक धडा मिळतो. सरळ रूळ स्वस्त असतो, जागाही कमी खातो. जागा, वेळ आणि पैसा खातात ते सांधे, यार्ड, फलाट आणि दोन लाइनी जुळतात ती जागा. टेबलाचा निम्मा भाग जंक्शनालाच जातो. खऱ्या शहरातही हेच. नागपूर मेट्रोची उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम लाइन सीताबर्डीला एकमेकींवरून जातात आणि प्रवासी एकाच इमारतीत जिना चढून उतरतो. त्या एका स्थानकावर डोकं खर्च झालं म्हणून बाकीची स्थानकं एकमेकांच्या उपयोगी पडतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येतो. वणीला मोठी लाइन कधीचीच आहे, कोळशामुळे. तिथून नंदीग्राम एक्स्प्रेस आदिलाबाद, नांदेडमार्गे थेट मुंबईला जाते. मुख्यालयाच्या गावाला मात्र आजवर ब्रॉडगेज नव्हतं. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा मार्ग २००८ च्या आसपास मंजूर झाला. त्यात राज्य आणि केंद्र दोघांचा पैसा आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून वर्धा–कळंब गाडीला हिरवा झेंडा दाखवला. चिंतामणीच्या कळंबपर्यंत मोठा रूळ आला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड करत ही लाइन नांदेडला जायची आहे. दारव्ह्याला मोठा रूळ येणार म्हटल्यावर मलाही आनंद झाला. रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो.

पण त्या रात्री मी टेबलावर आलेखकागद काढला आणि वर्ध्याची जागा आखली. मुंबई–हावडा लाइनच्या गाड्या वर्ध्याला थांबतात. दिल्लीहून बल्लारशामार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या मात्र वर्ध्याला येतच नाहीत, त्या शेजारच्या सेवाग्राम स्टेशनवरून वळतात. यवतमाळहून वर्ध्याला उतरलेल्या, चेन्नईला शिकणाऱ्या पोराने सामान घेऊन सेवाग्राम गाठायचं आहे. कशाने? कोणत्या वेळी? हे आज ठरलं नाही, तर आपण ब्रॉडगेजवरसुद्धा मूर्तिजापूर बांधून ठेवू. आणि त्या वेळी दोष अडीच फुटाच्या रुळाला देता येणार नाही.

म्हणून तुमच्याकडे, विशेषतः रेल्वेचं वेड असलेल्या तरुणांकडे, तीन कामं मागतो. यवतमाळला गाडी सुरू होण्याआधी तिचं वेळापत्रक तुम्ही आलेखावर मांडा, वर्धा आणि सेवाग्रामच्या गाड्यांसकट, आणि ते रेल्वे विभागाला, खासदार-आमदारांना, वर्तमानपत्रांना पाठवा. दुसरं, नव्या यवतमाळ स्टेशनपासून एसटी स्टँडपर्यंत बस कुठल्या मिनिटाला सुटेल हे एसटीच्या आगाराला जाऊन विचारा. एकाने विचारलं तर कारकून मान हलवेल, पन्नास जणांनी विचारलं तर कागद निघेल. तिसरं, शकुंतलेच्या मार्गाची जमीन कुठे शाबूत आहे आणि कुठे अतिक्रमण झालंय, याची चालत जाऊन नोंद करा. ब्रॉडगेज होवो न होवो, ती वही पुढच्या पिढीला लागेल.

गुरुजींची छडी आज यवतमाळवर ठेवली आहे, आणि प्रश्न तोच आहे. इथून बाहेर कसा पडशील? उत्तर देताना वेग सांगू नका. गाडी कुठे बदलायची आणि तिथे किती वेळ बसायचं, ते सांगा.